मापावरची शीग

डिंभ्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला 'भात' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक भात खाचरात उभा असतो आणि झोडल्यावर कणगीत जातो. दुसरा ताटात वाफाळतो. शहरातल्या माणसाला बहुतेक दुसराच ठाऊक असतो. या दोन भातांच्या मधे उखळ असतं, मुसळ असतं आणि एक हिशोब असतो: कणगीतलं आज किती काढायचं, उद्याला किती ठेवायचं, आणि दारात कुणी टोपलं घेऊन उभं राहिलं तर त्याला किती द्यायचं? पहिल्या दोन गोष्टी घरातली शहाणी बाई बोटांवर मोजून सांगते. तिसरीचं गणित अवघड. मला या लेखात त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आधी भातच का, ते सांगतो. आमच्याकडं आगोट लागली की चार महिने जग वेगळंच असतं. ओढे भरतात, वाट चिखलानं बंद होते, वारं सुटलं की वीज जाते ती कधी कधी चार-चार दिवस येत नाही. वीज नाही म्हणजे गिरणी नाही. घरात गहू-बाजरीचं पोतं असलं तरी पिठाशिवाय भाकरी कशी थापणार? जात्यावर दळायचं म्हटलं तर ओल्या हवेत दाणा मऊ पडलेला असतो. तांदळाला यातलं काही लागत नाही. तीन दगड, एक पातेलं, पाणी आणि पेटतं लाकूड एवढ्यावर घर जेवतं.

दुसरी गोष्ट टिकण्याची. सडलेला तांदूळ फार दिवस ठेवला की त्याला पोरकिडे लागतात, वास येतो. पण तुसातलं भात शेणानं सारवलेल्या कणगीत, जमिनीपासून उचलून, निरगुडीचा पाला घालून ठेवलं तर एक पावसाळा सोडा, दुसराही काढतं. तूस म्हणजे दाण्याचं इरलंच. म्हणून आमच्या बाया लागेल तेवढंच कांडत. कांडताना तुटलेली कणी वेगळी निघायची, ती पेजेला. पेज ही गरिबाच्या घरची सगळ्यात मोठी सोय. घरात माणूस वाढलं की पातेल्यात तांब्याभर पाणी वाढायचं आणि मिठाचा खडा. तापकऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, दात पडलेल्या म्हातारीला पेज. पुरणपोळीत पाणी वाढवता येत नाही, भाकरीचेही फार तर तुकडे करता येतात. मूठभर कणीत मात्र चार माणसं बसतात. पोट भरत नाही, पण रात्र निघते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, आमचे लोक पिढ्यान्पिढ्या भातावरच जगले. तसं नाही. भात पिकवणाऱ्या घरात रोजच्या ताटात नाचणीची भाकरी असायची, वरईचा भात असायचा. तांदळाचा भात सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. नाचणीही टिकते, किंबहुना तांदळाहून जास्त टिकते. मग कणगीतलं भात जायचं कुठं? ते सावकाराकडं जायचं. नाचणीला शहरात भाव नव्हता, आंबेमोहराला नि रायभोगाला होता. जो दाणा टिकतो, मोजता येतो, बैलावर लादून घाटाखाली नेता येतो, तोच अडचणीला उपयोगी पडतो, आणि तोच दुसऱ्याला उचलून न्यायलाही सोपा. रानातलं कंद कुणी व्याजात मागत नाही.

ही उचल कशी व्हायची ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. ज्येष्ठ-आषाढात, राबावरची रोपं काढून आवणी चालू असते तेव्हा, घरातली कणगी तळाला गेलेली असते. अंगमेहनत सगळ्यात जास्त नि खायला सगळ्यात कमी, असा तो काळ. तेव्हा मणभर भात उचलायचं नि कार्तिक-मार्गशीर्षात झोडणी झाली की दीड मण घालायचं. याला दिढी म्हणत. कुठं कुठं दुपटी. दिढीचं व्याज सालाचं म्हणून सांगत, पण खरं तर ते पाच महिन्यांचं. त्यावर आणखी एक गंमत असायची, ती वहीत कधी उतरली नाही. ती म्हणजे मापावरची शीग.

पायली किंवा अधोली भरली की वर दाण्यांचा डोंगर उभा राहतो, ती शीग. हात फिरवून ती पाडली की माप सपाट. देताना सपाट द्यायचं आणि घेताना शीग लावून घ्यायचं, ही सावकारी. वहीत दोन्ही वेळा एकच आकडा: पायली. खोटं कुणी लिहिलं नाही आणि खरंही कुणी मोजलं नाही.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण अशाच शिगांचं ओझं साठत गेलं आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्याच दशकात आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी महादेव कोळ्यांना घेऊन सावकारांविरुद्ध बंड केलं. सावकारांची नाकं कापल्याच्या कथा आजही सांगतात. नाक कापणं मला पटत नाही. पण ज्या माणसाची पोरं आषाढात उपाशी निजली नि कार्तिकात त्याच्याच खाचरातलं भात दुसऱ्याच्या वाड्यात गेलं, त्याला पटवून द्यायला माझ्याकडं काय आहे, हेही मला सांगता येत नाही.

माझ्या आजीकडं एक लाकडी अधोली होती, कडेला लोखंडी पट्टी मारलेली. उसनं मागायला कोणी आलं की ती शीग लावून द्यायची आणि परत आलं की हात फिरवून सपाट घ्यायची. सावकाराच्या बरोब्बर उलटं. लहानपणी मला हा तोट्याचा धंदा वाटायचा. मी एकदा विचारलंच, "आज्जे, आपलं कमी नाय का होत?" ती म्हणाली, "भुकेल्या घरात माप ल्हान होतं, बाबा." एवढंच. पुढं पुष्कळ पुस्तकं वाचली, पण न्यायाबद्दल याहून नेमकं मला कुठं सापडलं नाही. एकाच पायलीची किंमत दोन घरांत दोन असते. ज्याची कणगी भरलेली आहे त्याला शीग म्हणजे चिमण्यांचा घास, आणि ज्याची रिकामी आहे त्याला तीच शीग म्हणजे एका पोराची एका वेळची पेज. सारखं माप दोघांना सारखंच लावलं की न्याय झाला, असं म्हणणाऱ्यानं रिकामी कणगी आतून पाहिलेली नसते.

आता कोणी म्हणेल, आजी दानशूर होती, सोडून द्या. तसंही नव्हतं. तिच्या घरात दोन कणग्या होत्या. मोठी खायची, धाकटी बियाणाची. धाकटीला ती हात लावू देत नसे. एका साली पाऊस लांबला, मोठी कणगी संपली, आम्ही सगळे रानातल्या कंदावर नि कुर्डूच्या भाजीवर आलो, तरी धाकटीचं तोंड शेणानं लिंपलेलंच राहिलं. दारात आलेल्यालाही तिनं त्यातलं दिलं नाही. खायचं होतं तोवर वाटून खाल्लं, बी मात्र राखलं. बी गेलं तर पुढच्या साली देणाराही उपाशी नि घेणाराही. कणगीत जसा दारच्या माणसाचा वाटा असतो तसा अजून न आलेल्या सालाचाही असतो.

इथं जुना, अवघड प्रश्न उभा राहतो. पोर भुकेनं मरत असेल तर बी खायचं की राखायचं? मी हा प्रश्न तिला विचारला होता, कॉलेजात शिकायला लागल्यावर, थोडा तिला कोड्यात पकडायच्या हेतूनं. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "पोरच ऱ्हाणार नसंल तर बी कुणासाठी राखायचं? काढायचं नि शिजवायचं. पण त्येच्या आदी गावातल्या समद्या चुली बगायच्या. येका घराला बी खायची पाळी आली तर त्ये गावाचं हाय, घराचं न्हाई."

मला वाटतं, या बाईनं प्रश्नच बदलून टाकला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात असे पेच मांडताना एक माणूस, एक पोतं, एक उपाशी पोर एवढंच फळ्यावर असतं. शेजारची घरं पुसून टाकलेली असतात. खऱ्या गावात ती असतात. बी की पोर, असा पेच एका घरावर येतो तेव्हा त्याआधी बऱ्याच दारांना कड्या लागलेल्या असतात. त्या कड्या लागल्या तेव्हाच चूक झालेली असते.

हे केवळ आमच्या डोंगरापुरतं नाही. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. ती माणसं तांदूळ खाणारी, आणि तो मुलूख तांदळाचाच. अमर्त्य सेन यांनी तो दुष्काळ नऊ वर्षांचे असताना डोळ्यांनी पाहिला. पुढं १९८१ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की त्या साली बंगालात तांदळाचा पुरवठा १९४१ च्या मानानं कमी नव्हता. युद्धामुळं भाव चढले आणि शेतमजूर, मच्छीमार, नावाडी यांच्या हातात तो विकत घ्यायची ताकद उरली नाही. म्हणजे तांदूळ होता. तो ज्याच्या कणगीत होता आणि ज्याच्या पोटात जायला हवा होता, त्या दोघांमधली वाट तुटली होती.

ती वाट राखायची कुणी, याचा विचार आपल्याकडं जुना आहे. बांगलादेशातल्या महास्थान इथं १९३१ साली ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख सापडला, सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात आपत्तीत सापडलेल्या लोकांना भात द्यावं आणि सुकाळ आला की कोठार पुन्हा भरून घ्यावं, अशी आज्ञा आहे. आमच्या जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं नि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. शिवनेरीवर अंबरखाना अजून उभा आहे. धान्य साठवणं, विकणं नि दान करणं, तिन्ही या मुलखात दोन हजार वर्षं शेजारी शेजारी नांदतंय.

आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर घराघरात आहेत. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं. धान्य त्यांचं नव्हतं, ते राखणदार होते. कायद्यानं पाहिलं तर हा गुन्हाच. कथेत विठ्ठल विठू महार होऊन दरबारात जातो, मोहरा भरतो नि पावती घेतो. लोकांनी ही कथा इतकी जपली याचं कारण मला असं वाटतं, की कोठार फोडणं बरोबर होतं हे सगळ्यांना आतून पटलं होतं, पण मालकाचंही देणं फिटलं पाहिजे असंही वाटत होतं. दोन्ही एकदम साधायचं तर देवच लागतो. आपल्याकडं दर वेळी पैसे भरायला देव येत नाही, म्हणून माणसांनी व्यवस्था करायची असते.

ती हळूहळू झाली. १९७२ च्या दुष्काळात सुकडी नि मिलो खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आहेत. त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. आदिवासी विकास महामंडळाची खावटी आली. नावच पाहा: खावटी, म्हणजे खाण्यापुरतं. पावसाळ्यात खायला कर्ज. कर्जच ते, पण दिढीचं नव्हे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात ती अनुदान झाली, चार हजारांची, निम्मे पैसे नि निम्म्याच्या वस्तू. त्याआधी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये किलोनं. पुढं २०२३ पासून तेही फुकट.

या ५ किलोंचा हिशोब मी मांडून पाहिला. दिवसाला १६६ ग्रॅम. सगळा तांदूळच धरला तरी सहाशेच्या आत उष्मांक. आवणीत दिवसभर वाकून चिखलात राबणाऱ्या माणसाला चोवीसशे तरी हवेत. म्हणजे रेशन चार हिश्श्यांतला एक हिस्सा भरतं. बाकीचं खाचरानं, हिरड्याच्या पैशानं, रानभाजीनं नि खेकड्यांनी भरायचं. तरीही हा एक हिस्सा मी मोलाचा मानतो, कारण तो मागावा लागत नाही. आजीच्या शीगेचं मी कितीही कौतुक केलं तरी तिच्या दारात टोपलं घेऊन उभं राहणाऱ्या बाईची मान खाली असायची, ती मला आठवते. शीग लावून दिलेलं माप गोड, पण हक्काचं सपाट माप घेताना मान ताठ राहते. जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण हक्काला रस्ता लागतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण गावावर डोंगर उतरला. दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जाग्यावर नाही, हे पहिल्यांदा एसटीच्या चालकानं पाहिलं नि कळवलं. पाऊस थांबत नव्हता, चिखलात यंत्रं पोचायला वेळ लागत होता. ऐन आवणीचे दिवस. अशा वेळी रेशनकार्ड मातीखाली असतं, दुकानाची वाट बंद असते नि सरकार अजून घाट चढत असतं. त्या मधल्या तासांत माणसाला जगवतं ते शेजारच्या वाडीतलं पातेलं. हक्क पोचेपर्यंतचा वेळ शेजाऱ्यानं भरायचा असतो. दोन्ही लागतात, एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही.

डिंभ्याचं नाव काढलं म्हणून आणखी एका कणगीबद्दल बोलतो. घोड नदीवरचं हे धरण म्हणजे पाण्याची कणगीच. हुतात्मा बाबू गेनूंचं नाव त्या जलाशयाला आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं हे एक. पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. तिकडच्या दुष्काळी मुलखाची ही बेगमी, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ही कणगी ज्या जागेवर बांधली तिथं जुनं आंबेगाव होतं, नदीकाठची काळी खाचरं होती, लोकांच्या भाताच्या कणग्या होत्या. त्या बुडाल्या. उरलेले लोक उतारावर चढले, पाणी ओसरलं की गाळपेर करू लागले, जलाशयात मासे धरू लागले. कुसुमताई कर्णिक, आनंद कपूर नि त्यांची शाश्वत संस्था या कामात त्यांच्याबरोबर उभी राहिली. एका मुलखानं दुसऱ्याला माप भरून दिलं, हे खरं. देताना शीग लावूनच दिलं. परत येताना ते सपाट तरी आलं का, हे उन्हाळ्यात जलाशयाच्या काठच्या वाड्यांवर हंडे घेऊन चालणाऱ्या बायांना विचारावं.

टाळेबंदी लागली तेव्हा शहरातल्या एका मित्राचा फोन आला. त्यानं दोन पोती तांदूळ भरून ठेवला होता आणि त्याला अपराधी वाटत होतं. "तुमच्याकडं तर वर्षाचं भरतात, मग माझंच काय चुकलं?" असं तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. बेगमी नि साठेबाजी यांत पोत्यांच्या संख्येचा फरक नसतो. मी त्याला म्हणालो, तुझ्या मजल्यावर कोणाच्या घरी तांदूळ संपलाय ते तुला माहीत आहे का? आणि तुझ्याकडं दोन पोती आहेत ते त्याला माहीत आहे का? शेजाऱ्याला दाखवता येते ती बेगमी. पलंगाखाली दडवावी लागते ती दुसरीच गोष्ट. तो थोडा वेळ गप्प बसला नि म्हणाला, "वॉचमनला विचारतो."

हल्ली आमच्याकडं कणग्या कमी झाल्या. झोडणी झाली की इंद्रायणीचं भात गाडीत भरून जातं, रोख पैसे येतात, आणि पावसाळ्यात रेशन नि दुकान. भाव चांगला मिळतो, पोरांच्या फिया त्यावरच भागतात, त्यात वावगं काही नाही. पण सगळंच विकलं की घरात देण्यासारखं काही उरत नाही. पैसे उसने देताना माणूस दहा वेळा विचार करतो, भाताची अधोली देताना करत नव्हता. दाणा घरात असला की हात आपोआप सैल होतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून मी पोरांना सांगतो, सगळं विका, पण चार जणांच्या घराला एक पावसाळा नि वर दोन पायल्या, एवढं तुसातलं भात राखा. कणगी नसेल तर प्लास्टिकचा पिंप चालेल, नीट वाळवून झाकण घट्ट लावा. बी वेगळं. त्या वरच्या दोन पायल्या आपल्या धरायच्या नाहीत. त्या कुणाच्या, ते आषाढात कळतं.